गादी, फळी आणि दांडी : कपड्यांच्या दुकानाची मांडणी

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे आपल्याकडे एक सोहळाच असतो. मुलीचे आई-वडील, मामा-मामी, आत्या, एखादी जाणती शेजारीण, असे दहा-बारा जण दुकानात शिरतात, चपला काढून गादीवर बसतात, पाणी येते, चहा येतो आणि मग पांढऱ्या चादरीवर साड्यांच्या घड्या एकामागून एक उलगडू लागतात. बीडच्या सुभाष रोडवर असो की अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराईच्या बाजारपेठेत असो, जुन्या दुकानांत हे दृश्य आजही दिसते. मात्र त्याच रस्त्यावर शेजारच्या गाळ्यात काचेचे दार, दारात पुतळे आणि आत चकाकत्या नळ्यांवर टांगलेले तयार कपडे असे नवे दुकानही थाटलेले असते. तिथे कोणी ‘या, बसा’ म्हणत नाही. ग्राहकाने स्वतः हात लावावा, पाहावे, अंगाला लावून बघावे, अशी अपेक्षा असते.

या दोन दुकानांतला फरक केवळ जुन्या-नव्याचा नाही. तो कापड कशावर मांडले आहे, याचा आहे. मराठीत ‘मांडणी’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. भांडी ठेवायची ती मांडणी आणि वस्तू लावण्याची रीत तीही मांडणीच. दुकानदारीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कोणते साधन घेतले यावर माल किती मावेल, किती दिसेल, किती नोकर लागतील, ग्राहक किती वेळ रेंगाळेल आणि शेवटी किती विकले जाईल, हे बहुतांशी ठरते. तरीही नवे दुकान थाटताना सगळ्यांत कमी विचार याच गोष्टीचा होतो. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये जे पाहिले ते सुताराला किंवा फॅब्रिकेटरला सांगायचे, कर्ज काढून ते बसवायचे आणि वर्षभराने अडचण जाणवली की पुन्हा तोडफोड करायची, हा प्रकार तालुक्याच्या गावांत वारंवार घडतो.

माल ग्राहकाच्या हाती कसा आला

दुकानदाराने माल आत ठेवायचा आणि मागितल्यावर काढून दाखवायचा, ही रीत जगभर होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या भव्य दुकानाने ठरलेल्या किमती लावून आणि माल उघडा मांडून ग्राहकाला मनसोक्त हिंडू दिले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९०९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेल्फ्रिजेस’ने हीच कल्पना पुढे नेली. विकत घ्यायचे नसले तरी आत या, हात लावून पाहा, असे आमंत्रणच तिथे होते. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस शहरात ‘पिगली विगली’ या किराणा दुकानाने ग्राहकाने स्वतः फळीवरून माल उचलावा, ही पद्धत रुजवली. आपल्याकडे १९९१ मध्ये मुंबईच्या अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ आणि १९९७ मध्ये कोलकात्यात ‘पॅंटलून्स’चे पहिले मोठे दालन उघडल्यानंतर टांगलेल्या तयार कपड्यांची ही संस्कृती मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आणि पुढच्या दोन दशकांत ती जिल्ह्याच्या गावी पोचली.

पण हे सारे परक्याकडूनच आले, असे मानण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात दोन बांबूंना दोरी बांधून त्यावर फ्रॉक आणि शर्ट टांगणारा विक्रेता पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला आहे. त्याच्या पुढ्यात प्लास्टिकच्या कागदावर ओतलेला ढीग म्हणजे मॉलमध्ये ‘ऑफर’च्या पाटीखाली ठेवलेली टोपलीच. ढिगातला माल स्वस्त आणि दोरीवरचा थोडा महाग, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळते. साधने बोलतात ती अशी. महागाची साडी ढिगात टाकली तर ती स्वस्त दिसते आणि साधा टॉवेल काचेच्या कपाटात ठेवला तर त्याची किंमत विचारायलाच माणूस बिचकतो.

तीन साधने, तीन स्वभाव

दुकानातील साधनांची नावे कितीही असली तरी मुळात ती तीन प्रकारची असतात. पहिले गादी किंवा काउंटर, जिथे माल माणूस उलगडून दाखवतो. दुसरे फळी, जिच्यावर माल घडी करून राहतो. तिसरे दांडी, म्हणजे आपल्या घरातल्या वलणीचेच पोलादी रूप, जिच्यावर कपडा हँगरला लटकतो.

यांतील फरक आकड्यांत पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. चार फूट रुंदीच्या भिंतीचा एक कप्पा घेऊ. घडी केलेला शर्ट साधारण नऊ इंच रुंद असतो. म्हणजे एका फळीवर पाच रांगा बसतात. एका रांगेत आठ शर्ट धरले तर एका फळीवर चाळीस आणि उभ्या पाच फळ्यांवर दोनशे शर्ट मावतात. त्याच चार फुटांत दांडी लावली, तर एका शर्टाला सरकवण्यापुरती जागा धरून सव्वा इंच लागतो, म्हणजे जेमतेम चाळीस शर्ट होतात. एकाखाली एक अशा दोन दांड्या लावल्या तरी ऐंशीच. याचा अर्थ असा की, फळ्या काढून सर्वत्र दांड्या लावणारा दुकानदार भिंतीवरचा निम्म्याहून अधिक साठा गमावतो. तो माल मग गोदामात जातो, आणि गोदामातला माल विसरला जातो.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. फळीवरच्या दोनशे शर्टांपैकी ग्राहकाला दिसतात त्या केवळ घडीच्या कडा. प्रत्येक शर्ट काढून, उलगडून दाखवायला माणूस लागतो आणि दाखवून झाल्यावर पुन्हा घडी घालायला तोच माणूस लागतो. दांडीवरचा कपडा स्वतःच स्वतःला दाखवतो. म्हणून अनुभवी दुकानदाराचे सूत्र एका ओळीत सांगता येईल : नमुना दांडीवर, साठा फळीवर. प्रत्येक रंगाचा आणि प्रकाराचा एकेक नग टांगावा, बाकीची मापे त्याच्याच खाली किंवा जवळच्या फळीवर क्रमाने ठेवावीत.

कोणता कपडा कशावर

प्रत्येक कपडा टांगण्याजोगा नसतो. विणलेले म्हणजे होजियरीचे कपडे, टी-शर्ट, स्वेटर हँगरवर महिनोन्‌महिने लटकले की खांद्याशी ताणले जातात आणि तिथे उंचवटे येतात. ते घडीतच बरे. शर्ट, कुर्ते, पंजाबी ड्रेस, कोट, लहान मुलींचे फ्रॉक यांचा आकार आणि बेत टांगल्यावरच कळतो. पँट चिमट्याच्या हँगरवर किंवा घडी करून फळीवर ठेवता येते. जीन्स जड असते, तिला फळीच योग्य. धोतर, टॉवेल, लुगडी, चादरी यांचा ग्राहक रंगापेक्षा पोत पाहतो. त्यांना उघडी फळी पुरते. सुटिंग-शर्टिंगचे ताके उभे लावले तर एक ओढताना दुसरा ढासळत नाही.

साडीचे गणित वेगळे आहे. साडेपाच मीटर लांबीचे वस्त्र हँगरवर फक्त एका पट्टीएवढे दिसते. काठ आणि पदर हे तिचे खरे रूप, ते उलगडल्याशिवाय कळत नाही. नऊवारी तर आठ मीटरांहून लांब. रोजच्या वापराच्या साड्या जाड नळीवर टांगून ठेवल्या तर चालतात, पण पैठणीसारखी जरीची साडी बारीक तारेच्या हँगरवर टांगली की स्वतःच्याच वजनाने त्या जागी मुडपते. घडीतही ती वर्षभर तशीच दाबून ठेवली तर घडीच्या रेषेवर जर तुटते. सुती कापडात गुंडाळून, वर फार ओझे न ठेवता आणि काही महिन्यांनी घडी बदलून ती सांभाळावी लागते. त्यामुळे मॉलची नक्कल म्हणून ज्यांनी साडीची गादी काढून टाकली, त्यांनी आपला सर्वांत मोठा ग्राहक, म्हणजे बस्ता बांधायला येणारे कुटुंब, स्वतःहून दूर केले. दहा माणसे दांडीपुढे उभी राहून एका साडीवर एकमत करू शकत नाहीत. त्यासाठी बसावेच लागते.

शाळेच्या गणवेशाचे पुन्हा निराळे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पालकांची झुंबड उडते, तेव्हा कोणीही रंग निवडायला आलेला नसतो. हवे असते ते माप. तिथे शाळा आणि मापाचा आकडा लिहिलेले छोटे चौकोनी खण सर्वांत उपयोगी. खण नीट असेल तर नवा नोकरही चुकत नाही.

बारा बाय चाळीसचा गाळा

आता आपल्या गावांतील जागेकडे येऊ. बाजारपेठेतील जुने गाळे रुंदीला कमी आणि खोलीला जास्त असतात. उदाहरणादाखल बारा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल असा एक गाळा डोळ्यांसमोर आणू. मोठ्यांच्या कपड्याचा हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो. म्हणून भिंतीला लावलेल्या दांडीला दोन फूट खोली लागते. दोन्ही बाजूंना दांड्या लावल्या की मध्ये आठ फूट उरतात. आता अनेकांना भुरळ घालणारी गोल फिरती दांडी तिथे ठेवून पाहू. तिचा व्यास तीन फूट, पण हँगर बाहेर झुकत असल्याने ती प्रत्यक्षात साडेचार फूट जागा अडवते. उरले साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही अंगांना पावणेदोन फुटांची बोळ. तिथून कडेवर मूल घेतलेली बाई जाऊ शकत नाही, दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत आणि चाकाच्या खुर्चीचा तर प्रश्नच नाही. चाकाच्या खुर्चीला किमान तीन फुटांची मोकळी वाट लागते. मॉलच्या ऐसपैस दालनात शोभणारे साधन अरुंद गाळ्यात असे अडसर बनते.

त्यापेक्षा हाच गाळा तीन भागांत वाटता येईल. पुढच्या बारा फुटांत दोन्ही भिंतींना तयार कपड्यांच्या दांड्या लावून मधली वाट पूर्ण मोकळी ठेवावी. मधल्या सोळा फुटांत एका बाजूला फळ्या आणि त्यांच्यासमोर काउंटर, तर दुसऱ्या बाजूला गणवेश आणि रोजच्या कपड्यांचे उघडे खण असावेत. शेवटच्या बारा फुटांत साड्यांची गादी आणि कोपऱ्यात कपडे घालून पाहण्याची खोली. बस्त्याला आलेले कुटुंब गादीपर्यंत जाताना आणि येताना सगळ्या दुकानातून जाते. एकट्या शर्टासाठी आलेल्या तरुणाला मात्र दारातच हवे ते सापडते आणि गर्दीत अडकावे लागत नाही.

उंचीचाही विचार हवा. शर्टांच्या दोन दांड्या लावायच्या तर खालची सव्वातीन फुटांवर आणि वरची साडेसहा फुटांवर येते. वरचा कपडा काढायला आकड्याची काठी जवळ ठेवावी लागते. स्त्रियांचे लांब कुर्ते एकाच दांडीवर, साडेपाच फुटांच्या आसपास बरे. मध्ये जे काही ठेवाल ते साडेचार फुटांपेक्षा उंच नको. गल्ल्यावर बसलेल्याची नजर शेवटपर्यंत पोचली पाहिजे. चोरीचे भय तर त्यामुळे कमी होतेच, पण कोण ग्राहक मदतीसाठी इकडेतिकडे पाहतो आहे, हेही त्यामुळेच दिसते.

ओझे, धूळ आणि उजेड

साधन विकत घेताना चकाकीपेक्षा भार पाहावा. टांगलेली जीन्स साधारण सहाशे ते सातशे ग्रॅमची. अशा चाळीस जीन्स म्हणजे पंचवीस किलोंहून अधिक वजन. जड जरीच्या साड्यांचे वजन याहून वाढते. त्याच नळीवर तेवढ्याच दाटीने कपडे टांगले आणि आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर नळीचा बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून दर चार फुटांवर आधार घ्यावा. जुन्या पेठांतील कित्येक इमारती माळवदाच्या, माती आणि दगडाच्या भिंतींच्या आहेत. अशा भिंतीत ठोकलेला खिळा किंवा फास्टनर भार धरत नाही. तिथे जमिनीवर उभे राहणारे पोलादी खांब आणि त्यांत अडकवलेल्या फळ्या-दांड्या हाच सुरक्षित मार्ग. त्या सुट्या करून दुसऱ्या गाळ्यातही नेता येतात, आणि भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्याला ही सोय मोलाची ठरते.

लाकडाच्या भुश्याच्या पाट्यांना खाचा पाडून केलेली भिंत देखणी दिसते, पण पावसाळ्यात ओल लागली की फुगते आणि मग आकडे निसटतात. ओलीच्या भिंतीवर लोखंडी जाळी बरी. साध्या लोखंडाला पावडर कोटिंग केलेले असावे, नाहीतर गंजाचा डाग पांढऱ्या शर्टावर उतरतो. धूळ ही आपल्या कोरड्या जिल्ह्याची कायमची पाहुणी आहे. दारालगत टांगलेल्या कपड्यांचे खांदे आठवडाभरात मळतात. त्यांच्यावर खांद्यापुरती पारदर्शक झूल घालावी आणि दारातले नमुने पाळीपाळीने बदलावेत. दुकान पश्चिमेकडे तोंड करून असेल तर दुपारच्या उन्हाने दर्शनी काचेतल्या पुतळ्यावरचा कपडा विटतो. तो विटलेला कपडा पुढे निम्म्या किमतीतही जात नाही.

उजेडाचे तर विचारूच नये. दुकानात मोरपंखी वाटलेली साडी घरी नेल्यावर निळी निघते, ही तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. दोष साडीचा नसून दिव्याचा असतो. दिवा खरा रंग किती दाखवतो हे मोजण्याचे ‘सीआरआय’ नावाचे मान असते. स्वस्त दिव्यांत ते कमी असते. कापडाच्या दुकानात ते नव्वदच्या घरात असावे आणि उजेड फार पिवळा किंवा निळसर नसावा. सुमारे चार हजार केल्विनचा दिवा त्यासाठी ठीक. भारनियमनाच्या वर्षांत अनेक जाणत्या ग्राहक साडी दाराबाहेर उजेडात नेऊन पाहत. त्यांचे ते शहाणपण आजही सोडू नये. चांगला दुकानदार स्वतःच ‘बाहेर बघून घ्या’ म्हणतो.

हंगामाबरोबर हलणारी मांडणी

बीड जिल्ह्याचे अर्थचक्र ऊसतोडीशी बांधलेले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी लेकरांचे कपडे, जाड पांघरूणे आणि कामाचे कपडे लागतात. परतल्यावर लग्नसराई सुरू होते. जूनमध्ये गणवेश. एकाच गाळ्याला वर्षातून तीन वेळा वेगळे दुकान व्हावे लागते. म्हणून मधली साधने चाकांची, दांड्यांची उंची बदलता येणारी आणि फळ्या सरकवता येणाऱ्या हव्यात. भिंतीत कायमचे गाडलेले फर्निचर एका हंगामाला शोभते आणि दोन हंगामांना नडते.

याच ग्राहकाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काचेच्या दाराआड, एसीच्या गारव्यात, चकाकत्या दांड्यांसमोर उभ्या असलेल्या खेड्यातल्या माणसाला ‘हात लावला तर चालेल का?’ असा प्रश्न पडतो. किंमत विचारली आणि परवडली नाही तर मान खाली घालून बाहेर पडावे लागेल, ही भीती असते. कपड्यावर ठळक, मराठीत वाचता येईल अशी किंमत लावलेली असेल, तर हा संकोच निम्मा गळून पडतो. पुरुष नोकरांसमोर अंतर्वस्त्रे मागायला अवघडणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतः पाहून निवडता येणारा आडोशाचा खण ही तर मोठीच सोय आहे. घालून पाहण्याच्या खोलीत आतून पक्की कडी, दोन खुंट्या, एक स्टूल आणि पूर्ण उंचीचा आरसा एवढे असले तरी पुष्कळ.

आणि नोकरांचे काय? गादीवर विक्रेता बसून माल दाखवत असे. दांड्या आल्या आणि त्याची बैठक गेली. दहा-दहा तास उभे राहणाऱ्या या कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याची सोय देणारी कायदेशीर तरतूद केली. आपल्याकडच्या दुकानदाराने काउंटरमागे चार स्टुले ठेवण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. दिवसभर पाय दुखणारा माणूस संध्याकाळच्या ग्राहकाला हसून साडी दाखवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

खर्च करण्यापूर्वी

नवे साधन घेण्याआधी दुकानदाराने एक महिना एक साधी वही ठेवावी. कोणत्या कप्प्यातून रोज किती नग गेले आणि कोणत्या कप्प्याकडे कोणी फिरकलेच नाही, एवढेच लिहावे. कोणता कोपरा मेला आहे, हे त्यातून दिसते. बहुधा तो कोपरा अंधाराचा, हाताला न पोचणारा किंवा वाट अडलेला असतो. पाच हजारांच्या दिव्याने जे काम होईल त्यासाठी पाच लाखांचे फर्निचर लागत नाही. मग एकच कप्पा बदलून पाहावा, आणि विक्री हलली तरच पुढचा.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथील मोठी दालने आता आणखी जवळ आली आहेत आणि मोबाइलवरची दुकाने तर खिशातच आहेत. त्यांच्याशी झगमगाटात स्पर्धा करणे तालुक्याच्या गाळ्याला परवडणारे नाही. पण ‘या, बसा’ म्हणणारी गादी, नीट लावलेली फळी आणि मोकळेपणाने हात लावू देणारी दांडी या तिन्ही गोष्टी एका छपराखाली, आपल्या माणसांच्या सवयी ओळखून, तोच देऊ शकतो. पुढच्या वेळी बस्ता बांधायला जाल तेव्हा साडीबरोबर ती कशावर मांडली आहे, तेही जरा पाहा. दुकानदाराला आपली किती कदर आहे, हे तिथेच कळते.